रिकाम्या जागेचा नमुना

परभणीत मोटारीचे सुटे भाग विकणाऱ्या एका दुकानात मी तरुणपणी काउंटरमागे उभा राहिलो आणि निवृत्त होईपर्यंत तिथंच उभा होतो. माझ्या नोकरीचा इतिहास एवढाच. बढती म्हणाल तर सुरुवातीला मी मागच्या खोलीतून पार्ट आणून द्यायचो, नंतर दुसऱ्याला आणायला सांगू लागलो. जिल्ह्यातल्या जीपा, टेम्पो, काळी-पिवळी, छोट्या मोटारी, सगळ्यांची आतडी मला डब्यावरच्या नंबरांसकट पाठ. पण उभ्या आयुष्यात मी स्वतःच्या हातानं एकही पार्ट कुठल्या गाडीत बसवला नव्हता. इतकंच काय, मला चारचाकी चालवताही येत नाही. मिठाईवाल्याला साखर वर्ज्य असावी, तशातली गत.

आमच्या धंद्यात एक नियम होता. मीच तो लावला होता आणि त्यापायी शिव्याही मीच खाल्ल्या. नियम असा, की जुना पार्ट आणल्याशिवाय नवा मिळणार नाही. काउंटरवर कुणी आलं की मी आधी हात पुढे करायचो आणि विचारायचो, "नमुना?"

बाहेरच्या माणसाला हा आडमुठेपणा वाटेल. पण गिऱ्हाईक पार्टचं नाव सांगतं तेव्हा काय सांगतं ते ऐका. "गोल चकती द्या." "ते रबरी वायसर द्या, पंपाखालचं." एकदा एका टेम्पोवाल्यानं नाव आठवेना म्हणून काउंटरसमोर उभं राहून गाडीचा आवाजच काढून दाखवला. घर्र घर्र घर्र, मग एक टक्, मग पुन्हा घर्र. दुकानातली सगळी गिऱ्हाइकं कामं सोडून ऐकत होती. दोघा मिस्त्र्यांनी त्यावर वेगवेगळं निदान केलं आणि त्यांची आपसातच जुंपली. बरं, एकाच गाडीत कंपनी मधेच माप बदलते. बाहेरून गाडी तीच, आतला पार्ट मात्र नखभर मोठा. नमुना समोर असला म्हणजे जुना आणि नवा पाठीला पाठ लावून बघायचा की काम झालं. तोंडाच्या वाफेपेक्षा हातातलं लोखंड बरं.

नमुने आणण्याच्या तऱ्हाही पाहण्यासारख्या. कुणी धोतराच्या सोग्यात बांधून आणायचं, कुणी जेवणाच्या डब्यात. एकानं तर पार्ट इंजिनातून न काढता अख्खं इंजिनच बैलगाडीत घालून आणलं होतं. पण मला सगळ्यात जास्त आठवतो तो चारठाण्याचा ज्ञानोबा.

ज्ञानोबा प्रवासी जीप चालवायचा. त्याच्या जीपचा एक लोखंडी बुश वाटेत कुठंतरी गळून पडला. बुश म्हणजे दोन भागांच्या मधे बसणारी जाडसर कडी. तो दुकानात आला तेव्हा मी सवयीनं हात पुढे केला. त्यानं त्या हातावर पळसाच्या पानात गुंडाळलेला काळ्या मातीचा गोळा ठेवला.

"हे काय हो?"

"नमुना."

"ही तर माती आहे."

"मातीच हाय. शेतातली. जिथून बुश पडला तिथं दाबली अन् काडली. वस्तू पडली हो साहेब, जागा थोडीच पडली?"

आमचे शेठजी गल्ल्यावर बसून हसले. मीही हसलो. गोळ्याला वाटेतच बारीक भेगा पडायला लागल्या होत्या. काळी माती ती, वाळली की फाटणारच. तरी गंमत म्हणून मी तीन-चार बुश काढले आणि एकेक करून त्या गोळ्याशी ताडून पाहिले. एक अगदी बरोबर बसला आणि दुसऱ्याच क्षणी गोळा माझ्या हातात फुटला. ज्ञानोबा बुश घेऊन गेला तो काही तक्रार घेऊन परत आला नाही. काउंटरवर मात्र मातीचा सडा पडला आणि तो मलाच झाडावा लागला.

ही गोष्ट मी पुढं कित्येकांना हसत सांगितली. तिचा मला कधी उपयोग होईल असं काही वाटलं नव्हतं.

आता आमच्या गाडीकडे येतो. गाडी आमची म्हणजे खरं तर माझ्या बायकोची. मंदा झरीच्या शाळेत शिक्षिका आहे. वर्षानुवर्षं ती बस नाहीतर भरगच्च जीप, जे मिळेल त्यानं जात आली. पन्नाशी उलटल्यावर तिनं एक दिवस जाहीर केलं की मी गाडी शिकणार. शिकली. मी निवृत्त झालो त्या उन्हाळ्यात आम्ही एक जुनी, छोटी, पांढरी मोटार घेतली. पहिल्या दिवशी मंदा शाळेतून परतली तेव्हा अंगणात गाडी लावून ती बराच वेळ आतच बसून राहिली. काय झालं म्हणून विचारलं तर म्हणाली, "काई न्हाई. बसलेय आपली." इतकी खूश मी तिला क्वचित पाहिली असेल. तिच्या शेजारी बसून गावातून जाताना माझीही मान जरा ताठ व्हायची, हे कबूल केलं पाहिजे.

उन्हाळा गेला, पावसाळा गेला, गाडीनं कुरकूर केली नाही. दिवाळीनंतर थंडी पडली आणि गाडीचं बिनसलं. आमच्याकडची थंडी काय असते ते बाहेरच्यांना सांगून पटत नाही. उन्हाळ्यात भाजून काढणारं हे गाव थंडीत दात वाजवतं. सकाळी गाडी सुरू व्हायची, पण झटके देत चालायची. पाय जरा सैल पडला की बंद. पेट्रोलचा वास यायचा. दुपारी परतताना मात्र शहाण्या मुलासारखी यायची.

आमच्या ओळखीचे बाबू मिस्त्री. त्यांनी प्लग बदलले, फिल्टर बदलला, पेट्रोलचा पंप साफ केला. आठवडाभर बरं चालायचं आणि पुन्हा तेच. शेवटी बाबू मिस्त्रींनी समोरच्या काट्याकडे बोट दाखवलं. इंजिन किती तापलं ते दाखवणारा तो काटा. "बगा, काटा कसा तळाला हाय! इंजन एक नंबर हाय वहिनी. तुमी क्लच लवकर सोडायलाव, म्हणून बंद पडायलीय."

मंदानं ते मनावर घेतलं. आपल्यालाच नीट चालवता येत नाही, असं तिच्या मनानं घेतलं. आणि मग एका सकाळी जिंतूर रस्त्यावर, मोठ्या वळणावर, गाडी रस्त्याच्या मधोमध बंद पडली. मागून उसाचा ट्रॅक्टर येत होता, दोन ट्रॉल्या भरलेल्या. त्यानं ब्रेक दाबले पण ऊस काही लगेच थांबत नाही. तो अगदी गाडीच्या पाठीशी येऊन थांबला. ड्रायव्हरनं उतरून गाडी ढकलून दिली आणि ढकलताना जे बोलायचं ते बोललाही.

त्या संध्याकाळी मंदानं गाडीची किल्ली दाराजवळच्या खिळ्याला अडकवली.

"मी आपली बसनं जाईन. इका ती गाडी."

"अगं, दुरुस्त होईल."

"गाडी होईल हो. माज्या मनात भ्या बसलंय त्याचं काय?"

दुसऱ्या दिवसापासून ती अंधारातच उठून बसला जाऊ लागली. किल्ली खिळ्यालाच. येता-जाता ती दिसायची आणि मला वाईट वाटायचं. गाडीचं नव्हतं एवढं. पन्नाशीनंतर स्वतःच्या जोरावर मिळवलेली एक गोष्ट तिनं अशी खिळ्याला टांगून टाकली होती, त्याचं वाटायचं.

मग मी गाडीचं बॉनेट उघडून नुसता बघत बसू लागलो. दुसरा उद्योगही नव्हता. पहिल्यांदाच माझ्या लक्षात आलं की मला हे सगळे पार्ट डब्यातले ओळखीचे आहेत, घरातले नाहीत. म्हणजे एखाद्या माणसाला नेहमी कचेरीत पाहावं आणि एकदम त्याच्या स्वयंपाकघरात जावं, तसं झालं. हा इथं राहतो होय! आणि याचा शेजारी हा? मला भलतीच मजा वाटू लागली.

प्लग काढून पाहिला. काजळीनं काळा. काजळी म्हणजे पेट्रोल जास्त आणि जळतंय कमी. सकाळी त्रास, दुपारी नाही. उन्हाळ्यात नाही, थंडीत आहे. आणि काटा तळाला. दुपारच्या निवांत वेळी काउंटरवर उभ्या उभ्या डब्यांमागची बारीक अक्षरं वाचायची मला सवय होती, ती आता कामी आली. काटा तळाला आहे ही चांगली गोष्ट, असं कुणी ठरवलं? आपणच. परभणीच्या माणसाला काटा वर गेलेला माहीत असतो, कारण उन्हाळ्यात तो जातो आणि मग गाडी वाफ सोडत रस्त्याकडेला उभी राहते. काटा खाली म्हणजे देव पावला. बाबू मिस्त्रींना तसं वाटलं, मलाही तसंच वाटत होतं. पण इंजिनाला अंगात थोडी ऊब लागते. ते गारठलेलं राहिलं तर गाडीला वाटतं आत्ताच सुरू झालोय, आणि ती जास्तीचं पेट्रोल पीतच राहते.

इंजिनात ही ऊब सांभाळणारा एक छोटा पार्ट असतो, थर्मोस्टॅट. पाण्याच्या वाटेवरचं दारच म्हणा ना. इंजिन गार असेपर्यंत हे दार बंद. इंजिन तापलं की दार उघडतं आणि पाणी रेडिएटरकडे थंड व्हायला जातं. मी गाडी सुरू केली, तेवढं मला येतं, आणि रेडिएटरकडे जाणाऱ्या रबरी नळीवर हात ठेवला. दार बंद असेल तर नळी आधी गार राहायला हवी आणि मग एकदम तापायला हवी. ही आपली सुरुवातीपासूनच कोमट व्हायला लागली. म्हणजे दार उघडंच अडकलेलं, असा मी निष्कर्ष काढला आणि स्वतःवर खूश झालो. पार्ट काढायचा, नमुना न्यायचा, नवा आणायचा.

रविवारी मी थर्मोस्टॅटवरच्या झाकणाचे बोल्ट खोलायला बसलो. बारा नंबरचा पाना लागणार हे मला तोंडपाठ होतं. तो कुठल्या बाजूला फिरवायचा हे मात्र माझ्या हाताला ठाऊक नव्हतं. दात-ओठ खाऊन जोर लावत होतो.

मंदा दारातून बघत होती. "काय करायलात? आवळायलात का खोलायलात?"

"खोलतोय."

"मग लोणच्याच्या बरणीचं झाकण जिकडं फिरवता तिकडं फिरवा की."

बोल्ट सुटला. खाली घमेलं ठेवलं होतं, त्यात पाणी उतरलं. मी झाकण उचललं आणि आत पाहिलं. मग बोट घातलं. मग चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

आत काहीच नव्हतं. दार अडकलेलं नव्हतं, दारच नव्हतं. नुसती चौकट. कुणीतरी थर्मोस्टॅट काढून टाकून झाकण पुन्हा लावून टाकलं होतं.

आणि तिथं अंगणात बसल्या बसल्या माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. या झाकणाखाली पाणी झिरपू नये म्हणून कागदी गॅस्केट लागतं आणि झाकण उघडलं की ते फाटतं, नवं घ्यावं लागतं. आमच्या दुकानात उन्हाळा तोंडावर आला की हे गॅस्केट धडाधड खपायचं. थर्मोस्टॅट मात्र धूळ खात पडून असायचे. मी इतकी वर्षं समजत होतो की हा पार्ट फार टिकाऊ असणार, बिघडतच नसणार. अहो, लोक झाकण उघडून तो काढून टाकत होते! पाणी मोकळं फिरलं की गाडी तापणार नाही, हा आमच्या भागातला पक्का समज. जिल्ह्याचं एवढं मोठं गुपित माझ्या काउंटरवरून रोज पुडीत बांधून जात होतं आणि मी कधी साधं विचारलं नाही, की बाबा, झाकण कशाला उघडलंस? मला हसू आलं आणि थोडी चुटपुटही लागली.

हात धुऊन स्कूटरवर थेट जुन्या दुकानात गेलो. काउंटरवर आता इर्शाद असतो. माझ्या हाताखाली तयार झालेला, आता त्याच्याही दाढीत पांढरे आलेत. मी गाडी सांगितली, पार्ट सांगितला. त्यानं शांतपणे हात पुढे केला.

"नमुना?"

"अरे, आत पार्टच नव्हता."

"उस्ताद, यात दोन मापं हायेत. कंपनीनं मधीच बदललं. नमुना न्हाई तर मी कोनता देऊ?"

"दोन्ही दे. बसेल तो ठेवतो."

"फोडलेलं पाकीट आपन वापस घेत न्हाई." मग अगदी अदबीनं, "नियम कुनाचा हाय, तुमाला मालूम हाय."

आपलेच दात, आपलेच ओठ. मी काउंटरच्या पलीकडच्या बाजूला उभा होतो आणि तिथून दुकान फार उंच दिसत होतं. इतकी वर्षं रिकाम्या हातानं आलेली माणसं मी याच जागेवरून माघारी धाडली होती. त्यातल्या कितीजणांच्या गाडीत पार्टच नसेल, कोण जाणे. पायरी उतरताना मला ज्ञानोबा आठवला. वस्तू पडली, जागा थोडीच पडली?

घरी येऊन मंदाला म्हटलं, "मला कणीक मळून दे."

"आता? स्वयंपाक झालाय."

"खायला नको. नमुन्याला हवीय." मातीला भेगा पडतात हे मी काउंटर झाडताना शिकलो होतो.

सगळं ऐकल्यावर तिचे डोळे बदलले. शाळेत एखाद्या मुलानं भलताच प्रश्न विचारला की तिचे डोळे असे होत असणार. "पोळीची कणीक चालायची न्हाई. बाहेर काडताना ताणंल. पुरीसारखी घट पायजे. अन् आत आदी कोरडं पीठ लावा, न्हाईतर चिकटंल."

आम्ही दोघं बॉनेटवर वाकलो. तिनं कणकेचा गोळा त्या रिकाम्या खाचेत अंगठ्यानं दाबला, कडेकडेनं, पुरणपोळीच्या कडा दाबाव्यात तसा, आणि हलकेच उचलला. गोल, काठाला बारीक पायरी असलेली, सुबक चकती. किल्ली खिळ्याला लागल्यापासून मंदा पहिल्यांदाच त्या गाडीच्या इतकी जवळ आली होती. हे माझ्या लक्षात आलं.

चकती झाकणाच्या डब्यात घालून मी दुकान गाठलं. इर्शादनं डबा उघडला.

"खायला आनलं का उस्ताद?"

"नमुना आणलाय."

तो हसला नाही. त्यानं दोन्ही मापांचे थर्मोस्टॅट काढले आणि एकेक कणकेशी लावून पाहिला. लहान माप चकतीच्या काठाच्या आतच राहिलं. मोठं माप काठाच्या पायरीशी अचूक जुळलं. "हा घ्या," तो म्हणाला आणि गॅस्केट पुडीत टाकून डबा मला अदबीनं परत दिला.

पार्ट बसवण्याआधी तपासायचा, हा कुतूहलाचा किडा मंदाचा. दोऱ्याला बांधून तो आम्ही तापत ठेवलेल्या पाण्यात सोडला. अर्थात चहाचं पातेलं मिळालं नाही, त्यावरून आधी वाद झाला. पार्ट दिसायला साधा, पितळी चकती आणि एक स्प्रिंग. पोटात मेण असतं. ते तापलं की फुगतं आणि दार ढकलतं. पाण्याला बुडबुडे येऊ लागले आणि चकती हळूच वर सरकली.

"अगंबाई! उगडलं की!" मंदानं तो काढून गार पाण्यात टाकला. दार मिटलं. पुन्हा गरम, पुन्हा उघडलं. तिनं हे किती वेळा केलं मी मोजलं नाही. शेवटी म्हणाली, "म्हंजे मी क्लच बरोबर सोडत होते."

"अगदी बरोबर."

"मग ते बाबू मिस्त्री..."

"त्यांना काटा खाली दिसला. मलापण दिसला होता."

तिनं पार्ट पदरानं पुसून माझ्या हातात दिला. "बसवा. पन मी फक्त त्या वळनापर्यंत येनार. तिथून वापस."

पार्ट मी बसवला. बोल्ट आवळताना बरणी आठवून उलटा विचार केला. पाणी भरलं. पुढच्या रविवारी, सकाळच्या कडाक्याच्या गारठ्यात, मंदानं शाल घट्ट गुंडाळून किल्ली खिळ्यावरून काढली. मी शेजारी बसलो. धास्ती तिच्यापेक्षा मलाच जास्त होती, कारण पार्ट माझ्या हातचा होता.

गाडी सुरू झाली. गावाबाहेर पडतो न पडतो तोच मंदा ओरडली, "अहो, काटा हालला! वर जायलाय!" आणि तिचा हात किल्लीकडे गेला.

"थांब! जाऊ दे त्याला."

"तापली तर?"

"तापू दे. तेवढी तापायलाच हवी."

परभणीच्या दोन माणसांनी काटा वर चढताना बघत बसणं किती अवघड असतं, ते आमच्याकडचाच समजू शकेल. तो चढत चढत मधोमध आला. आणि थांबला. तिथून हललाच नाही. गाडीचे झटके कधी गेले ते दोघांनाही कळलं नाही.

वळण आलं. मंदानं वेग कमी केला, तिचे दोन्ही हात घट्ट झाले. मागे उसाची एक ट्रॉली होतीच. गाडी हळू झाली, गुरगुरली आणि वळून सरळ पुढं निघाली. बंद पडली नाही. मी पुढच्या मोकळ्या जागेत तिनं गाडी वळवायची वाट पाहत होतो. ती जागाही मागे गेली.

"मंदा, वळण गेलं."

"गेलं तर जाऊ द्या. झरीला च्या पिऊ."

सोमवारी मी उशिरा उठलो. चहा ओट्यावर झाकून ठेवलेला होता आणि शेजारी तो डबा, धुऊन पालथा घातलेला. आतली कणकेची वाळलेली चकती मंदा शाळेत मुलांना दाखवायला घेऊन गेली होती, हे मला संध्याकाळी कळलं. चहाचा कप हातात घेऊन मी दाराशी गेलो आणि सवयीनं वर पाहिलं. खिळा रिकामा होता.